डोंगलला विश्रांती देणारे काका

तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसा काका वायफायच्या डोंगलला दोन बोटं लावून पाहायचे. गरम लागला की लगेच काढायचे आणि स्टीलच्या वाटीत घालून माठाच्या झाकणावर ठेवायचे. "दमला बिचारा," म्हणायचे, "मानसाले आराम लागते, त्याले नाही लागत का?" बालाघाटच्या आमच्या गल्लीत त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांचे ते डोंगलकाका.

आमची भिंतीला भिंत. जंगल खात्यातून निवृत्त झाल्यावर काकांच्या वाट्याला मुलाचा जुना कंप्युटर आला. इंटरनेट होतं आमच्याकडे, पण कंप्युटर नव्हता. त्यांच्या कंप्युटरचा तारेचा पोर्ट एका उन्हाळ्यात वीज कडाडली तेव्हाच जळाला होता. त्यामुळे दोन घरांचा संसार आमचं वायफाय भिंतीपलीकडून पकडणाऱ्या त्या अंगठ्याएवढ्या डोंगलवर चालायचा. गोंदियाच्या बाजारातून आणलेला, पुढच्या पोर्टात घातला तर दिवासुद्धा न लावणारा, मागच्या पोर्टात लांब वायर जोडून खिडकीच्या गजाला बांधला की तासभर बरा चालणारा. मग अचानक नेट गायब. काढा, घाला, काढा, घाला. कधी कंप्युटर त्याला ओळखायचा, कधी जन्मात पाहिलं नसल्यासारखा वागायचा.

माठावरच्या विश्रांतीनंतर तो पुष्कळदा खरंच चालायचा, म्हणून आम्हीही काकांना हसत हसत मान द्यायचो. गल्लीतल्या निम्म्या पोरांचे फॉर्म त्यांच्याकडेच भरले गेले. फॉर्म भरणाऱ्यापेक्षा काकांच्याच कपाळावर जास्त घाम असायचा, आणि सगळं नीट झालं की काकू न सांगता चहा टाकायच्या.

मला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. जबलपूरच्या कॉलेजात जागा मिळाली. संध्याकाळी पाचपर्यंत साईटवर 'जागा मंजूर' एवढं कळवायचं होतं. फोनवर ते पान उघडायचं, पण खालचं बटणच दिसायचं नाही. चार वाजता मी काकांकडे बसले. साडेचारला पान कसंबसं उघडलं, त्यानं बारावीचा रोल नंबर मागितला. "काका, कशालाच हात लावू नका, मी मार्कशीट घेऊन आलीच," असं सांगून मी घरी पळाले.

परत आले तर डोंगल माठावर.

"चार वाजल्यापासून चालून राह्यलता व. मोठं काम आहे, म्हनून थोडा आराम देल्ला. आता पाह्य कसा पळते," काका कौतुकानं म्हणाले.

तो पळाला नाही. मागच्या पोर्टात घातला, पुढच्या पोर्टात घातला, कंप्युटर बंद करून चालू केला. तो जुना कंप्युटर सुरू व्हायलाच दहा मिनिटं घ्यायचा. शेवटी काकांच्या हातून डोंगल घेऊन मीच घालू लागले. बाबांनी मला स्कूटरवर घालून बाजारातल्या कॅफेत नेलं, तेव्हा पाच वाजून गेले होते आणि पान बंद झालं होतं.

घरी आलो तर काका आमच्या दारात उभे. आई म्हणाली, "जाऊ द्या भाऊजी, नशिबातच नसंन तिच्या." बाबा म्हणाले, मशीनचं काय सांगता येते. मीही डोळे पुसून म्हणाले, "तुमची काही चूक नाही काका." हे खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे त्या घोळक्यात काकांइतकं कुणालाच कळत नव्हतं.

मी इथेच बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं. आता वारासिवनीच्या शाळेत शिकवते आणि पोरांत रमते. पण काका त्या संध्याकाळीच राहिले. गोंदियाला गेले की नवा डोंगल आणून मुकाट्यानं आमच्या टेबलावर ठेवायचे. आमच्याकडे लॅपटॉप आला, त्याला डोंगल लागतच नव्हता, तरी आणायचे. गल्लीतली एखादी गाय लंगडताना दिसली आणि मी बाजूला असले की मान खाली घालायचे. पेपरात कॉलेजची जाहिरात आली की फाटकाशी येऊन हळूच विचारायचे, "वय बसते का व तुयं अजून?" मी हसून टाळायचे. त्यांची मला दया यायची, आणि खरं सांगायचं तर त्या दयेत थोडा ऐटीचा भागही होता. किती मोठ्या मनाची मी!

मागच्या हिवाळ्यात काका गेले. त्याच्या थोडे दिवस आधी, एका रविवारी दुपारी, मी त्यांना बघायला गेले होते. खाटेवर पार वाळून गेले होते. म्हणाले, "एक मागू का तुले?"

"मागा न काका."

"त्या दिवसापासून तू मले एकदाबी रागावली नाही."

"जुनी गोष्ट झाली न आता."

"हेच ऐकून राह्यलो मी. नुकसान पोरीचं झालं, अन् समजावून मलेच राह्यले सगळे. चूक झाली म्हनाची सोयच नाही ठेवली कोनं. तू रागाव मले. एकदा."

मला हसू आलं. म्हाताऱ्या माणसाचं मन राखावं म्हणून खोटाखोटा आवाज चढवून मी म्हणाले, "काहून काढला तुम्ही तो डोंगल?"

आणि पुढचं वाक्य खोटं निघेना. "मी सांगून गेलती न, हात नका लावू म्हनून? पाच मिनिटं थांबता नाही आलं तुम्हाले? माझी जागा होती ते! माझी!" माझा आवाज कुठल्या कुठे गेला. इतकी वर्षं तो राग माझ्या आत बसून होता हे मलाच ठाऊक नव्हतं. मी रडत होते आणि बोलत होते. काका माझ्याकडे एकटक बघत, प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. "हौ. हौ. चुकलंच मायं."

काकू हात पुसत धावत आल्या. "काय झालं व? काहून ओरडून राह्यली त्याइच्यावर?"

काकांनी हात वर करून त्यांना दारातच थांबवलं.

"तू मधात नको बोलू," ते म्हणाले. "बोलू दे तिले."