गाडी उन्हात घ्या

"पावणं, आधी गाडी उन्हात घ्या."

उद्यमनगरातले आमचे रंगवाले मामा रामरामाच्या आधी हे म्हणायचे. मी शेतीच्या औषधांचा विक्रेता. मुरगूड-गारगोटीच्या फेऱ्या करून कंबर मोडलेली असायची, पण मामा बसा म्हणतील तर शपथ. गाडी उन्हात आली की ते पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आतला, ऊन न लागलेला रंग बघायचे आणि लगेच लावून टाकायचे.

"हा लग्नातला चेहरा. मला आजचा जुळवायचा हाय."

ओरखड्यावर लावायच्या बाटलीवर कंपनीचा नंबर असतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. पण त्या नंबराचा पांढरा दहा वर्षं तापलेल्या गाडीवर लावला, की ठिगळ लांबून दिसतं. मामा त्यात थेंबभर पिवळा, नखभर काळा घालत, पत्र्याच्या तुकड्यावर मारत, वाळू देत आणि दाराला लावून बघत. मग पुन्हा एक थेंब. मी वैतागायचो.

"मामा, पांढरा तो पांढरा. उरका की."

"हे वैनीस्नी सांगा जावा, साडी घेताना."

मागच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीनं माझं दार खरवडलं. मामांना या खेपेला फार वेळ लागला. पत्रा ते अगदी नाकाशी धरून बघत होते. काम झालं आणि मी पाहिलं, तर दारावर निळीत बुडवल्यासारखा पट्टा.

"जुळला न्हवं?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कधी केला नव्हता.

"एकदम बरोबर," मी म्हणालो आणि निघालो. म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर मी दमलो होतो आणि मला घरी जायचं होतं.

काही महिन्यांनी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं कळलं. भेटायला गेलो तेव्हा गाडी मी मुद्दाम सावलीत लावली. मामा काळा चष्मा लावून बाहेर आले.

"उन्हात घ्या."

घेतली. चष्मा काढून ते दारासमोर बराच वेळ उभे राहिले.

"हे मी केलं?"

मी मान हलवली.

"तुमास्नी तवाच दिसलं हुतं?"

"व्हय, मामा."

"मग का बोलला न्हाईसा? तुम्ही बोलला असता तर म्होरच्या गाड्या तरी वाचल्या असत्या की. सगळीच बरोबर हाय, बरोबर हाय म्हणून गेली."

एरवी हा माणूस समोरच्या दुकानात ऐकू जाईल असा बोलायचा. त्या दिवशी हळू बोलला. मला फार लाज वाटली, आणि माफीसुद्धा धड मागता आली नाही.

त्यांनी तो पट्टा घासून काढला आणि ऊन असेपर्यंत थेंब थेंब घालत बसले. या वेळी मी उरका म्हणालो नाही. रंग वाळल्यावर जुळला का, हे त्यांनीही विचारलं नाही.

"डोळं आलं परत," हात पुसत ते म्हणाले, "पर आता कुणी चांगलं म्हटलं तर खरं वाटत न्हाय."

त्यानंतर लवकरच दुकान बंद करून ते लेकीकडे गारगोटीला गेले. तिकडे माझी फेरी असते, पण त्यांच्या दारात जायला पाय उचलत नाही. मात्र येताना कधीतरी गाडी उन्हात थांबवतो, खाली उतरतो आणि दारावर मामांनी पुन्हा रंगवलेला पट्टा शोधतो.

अजून सापडलेला नाही.