बाबांचा फॅक्टरीतला फोटो

फुकटात फोटोतला चेहरा बदलून देणारं एआय ॲप कोणतं चांगलं, हे मला तरी विचारू नका. सकाळपासून तीन वापरले, डोकं उठलं आहे.

परवा बाबा जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून रिटायर होत आहेत. आत मोबाइल, कॅमेरा चालत नाही, म्हणून तेहतीस वर्षांत त्यांचा मशीनवरचा एकही फोटो नाही. म्हटलं, निरोपाच्या कार्यक्रमासाठी आपणच बनवू. नेटवरून मशीनवर काम करणाऱ्या एका माणसाचा फोटो घेतला.

पहिल्या ॲपनं बाबांच्या कपाळावरच स्वतःचं नाव छापलं. दुसऱ्यानं सगळं झाल्यावर डाउनलोडच्या वेळी कार्डाचा नंबर मागितला. मग 'फ्री' कायले लिहिता रे बाबा? तिसऱ्यानं बाबांना पंचविशीतला हिरो करून टाकलं. त्यातच चार वेळा पुन्हा केलं, तेव्हा कुठे चेहरा जमला.

दुपारी बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून फोटो मोठा करून पाहिला.

"तोंड त माझंच आहे. पण हे हात कोणाचे होत?"

मी पाहिलं. स्क्रीनवर गुळगुळीत, गोरे हात. मोबाइल धरलेल्या बाबांच्या बोटांवर साबणानं न जाणारे काळे डाग.

मोबाइल परत देत ते म्हणाले, "पोरी, दुसऱ्याच्या कामावर माझं तोंड काहून लावून राहिली?"

तिन्ही ॲप काढून टाकले. खरा फोटो नाही, खोटा ते लावू देत नाहीत. परवा फ्रेममध्ये काय लावू, सांगा कोणीतरी.