गोष्टीवरून अक्षरावर

कल्याणी बाईंचं माहेर बोरी बुद्रुकचं. नोकरी मात्र लागली पार घाटघरच्या बाजूला, डोंगरातल्या एका वाडीवर. शाळा चौथीपर्यंतची. पोरं थोडी, पाऊस फार, मोबाईलला रेंज हवी तर टेकाडावर चढायचं. तरी बाई तिथं रमल्या. पोरगं अडखळत का होईना पण स्वतःहून वाचायला लागलं, की बाईंचा शीण जायचा.

वाचनाची तपासणी दर काही महिन्यांनी असायची. एकेकाला जवळ बसवून समोर कार्ड धरायचं. आधी अक्षरं, मग शब्द, मग उतारा, शेवटी गोष्ट. जिथं अडलं ती त्याची पातळी. ती ॲपवर भरायची, म्हणजे पोरगं किती पुढं सरकलं ते वरच्या साहेबांना दिसतं.

संस्कृती दुसरीतच गोष्टीवर पोचली होती. बियाण्याच्या पिशवीवरचं, एसटीवरचं, जे दिसेल ते आईला वाचून दाखवायची. तिची आई आरती शाळेत येऊन कौतुकानं सांगायची, "बाई, हिच्यापायी आमाला आता समदं कळाया लागलंय."

तिसरीत संस्कृती गोष्टीत अडली. पुढच्या वेळी उताऱ्यात. मग नुसते शब्द, तेही चाचपत. कार्ड समोर धरलं की पोरगी मान वळवून भलतीकडंच बघायची.

"सरळ बघ. खिडकीत काय आहे?"

"बघतीय की बाई."

आणि परत मान तिरकी. ही आपली टिंगल करते, असं बाईंना वाटायला लागलं. त्यात शाळा तपासायला केंद्रप्रमुख आले. ॲप उघडून म्हणाले, "मॅडम, सगळ्यांची पोरं वर चढतात. तुमची ही एक खाली कशी उतरते? शिकवता का नुसतं बसता?"

ते गेल्यावर बाईंनी संस्कृतीला पुढ्यात घेतलं. तिची हनुवटी हातात धरून चेहरा कार्डासमोर आणला आणि धरूनच ठेवला. "आता वाच."

पोरगी वाचेना. डोळ्यांतून पाणी मात्र बाईंच्या हातावर ओघळलं.

"काय दिसतं तुला? बोल की!"

"मधलं दिसत न्हाई. कडंकडंचं दिसतंय."

"आणि माझ्याकडं बघितल्यावर?"

"तुमचं कान दिसत्यात, बाई. तोंड पुसल्यावानी व्हतं."

बाईंनी तिची हनुवटी सोडली.

पोरीच्या डोळ्यांत दोष आहे, हे वाडीत कुणाला पटेना. संस्कृतीचा आजा भागुजी चिडलाच. "डोळं गेलं म्हणता? हिरडं येचती, गुरामागं पळती, कुठं ठेचकाळत न्हाई. वाचायचा कंटाळा आलाय तिला."

बाईंनी हट्ट सोडला नाही. आरतीला आणि पोरीला घेऊन पहाटेची एसटी धरली, जुन्नरहून पुढं पुणं गाठलं. मोठ्या दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालून, यंत्रांपुढं बसवून दिवसभर तपासलं. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. चालता फिरता येईल, पण बारीक वाचणं दिवसेंदिवस अवघड जाणार. चष्म्यानं भागणार नाही आणि यावर आज तरी औषध नाही."

आरतीनं विचारलं, "लवकर आणली असती तर?"

"तरी थांबलं नसतं."

आरतीला तेवढ्यानं जरा बरं वाटलं असावं. बाईंना नाही. परतीच्या एसटीत पोर त्यांच्या मांडीवर झोपली होती आणि बाईंना राहून राहून आपल्या बोटांत तिची हनुवटी जाणवत होती.

त्यानंतर बाईंनी जुनी कॅलेंडरं गोळा केली. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर ब्रशानं काळी ठसठशीत अक्षरं काढली. एका पानावर एक ओळ मावायची. मान तिरकी करून संस्कृती ती वाचायची, तेव्हा बाई शेजारी पुढचं पान धरून बसायच्या. काही महिन्यांनी ओळीतले शब्द कमी करावे लागले. मग पानावर एकच शब्द राहिला. ॲपला ह्यातलं काही सांगायची सोय नव्हती. ऐकलेला धडा ती घडाघडा सांगायची, अर्थ विचारला तर वर्गाच्या पुढं असायची. बाईंनी भरलं मात्र 'अक्षर'. खोटं भरायचं कसं आणि खरं तरी हेच होतं का, बाईंना कळेना.

चौथी संपली. पाचवीसाठी पोरं खाली, राहायच्या शाळेत जातात. तीही गेली. बाई स्वतः हेडमास्तरांना भेटल्या, कॅलेंडरची पानं दाखवली. "हिला कुणीतरी वाचून दाखवा, सर. बाकी ती करते."

"मॅडम, आमच्याकडं पोरं किती, माणसं किती! पहिल्या बाकावर बसवतो. त्याच्यापुढं काय करणार?"

पहिल्या बाकावरून तरी काय दिसणार होतं? दिवाळीला घरी आली ती परत गेलीच नाही. "फळ्याकडं तिरकं बघितलं की समदी हसत्यात," एवढंच म्हणाली. भागुजीनं तिला गुरांमागं धाडलं. बाई त्याच्या पाया पडायच्या बाकी राहिल्या. दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या खास शिक्षकासाठी त्यांनी अर्जावर अर्ज केले. शिक्षक एकदा येऊन गेले, भिंग देऊन गेले. भिंगातूनही मधलं पुसलेलंच राहिलं.

आता शाळा सुटली की संस्कृती गुरं बांधून येते आणि व्हरांड्यात बसते. बाई पाचवीचं पुस्तक मोठ्यानं वाचतात. घसा बसला तरी वाचतात.

परवा धडा मध्येच तोडून तिनं विचारलं, "बाई, तुमची बदली कवा व्हनार?"

बदलीच्या यादीची चर्चा तालुक्यात सुरू झाली होती. हे हिला कुणी सांगितलं असेल? बाईंनी तिच्याकडं बघितलं. तोंड दिसावं म्हणून ती त्यांच्या कानाकडं बघत होती.

"ऐक पुढं," बाई म्हणाल्या आणि पान उलटलं.