पाळण्याच्या वर्षीची शेगडी

गल्लीत त्यांना सनकाका म्हणत, तेही पाठीमागे. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

सहलीला नेतात तसली, गॅसच्या छोट्या डब्यावर बसणारी जुनी शेगडी कुणी टेबलावर ठेवली, की ते आधी शेगडी उलटी करत आणि मग आणणाऱ्याला सरळ करत. "सन एकसष्टची आहे. हिला वाळूकागद मारायची बुद्धी कुणाला झाली? तुम्हालाच? तरीच." गिऱ्हाईक अपमान गिळून पुन्हा येई, कारण आठ दिवसांत शेगडी निळी, सरळ पेटे आणि त्यांनी सांगितलेलं साल आजवर एकदाही चुकलेलं नव्हतं. गॅस कंपनीत छत्तीस वर्षं फिटर होते. निवृत्त होताना हत्यारं तेवढी घरी आणली, गोड बोलणं बहुधा तिथेच जमा करून आले.

सख्ख्या धाकट्या भावाशी मात्र ते गोड-कडू काहीच बोलत नव्हते. अकरा वर्षं. कारण शेगडीच, वडिलांची. वडील जमीनमोजणीच्या कामावर महिनोन्‌महिने तंबूत राहत, तेव्हा ही त्यांच्याबरोबर असे. ते म्हणत, "ही आणली तेव्हा घरात पाळणा हलत होता. पाळण्यात जे मूल होतं, त्याची ही." कोणतं मूल, ते सांगायचं राहून गेलं. थोरले छप्पन्न सालचे, धाकटे एकोणसाठचे. वडील गेल्यावर शेगडी धाकट्यांनी उचलली, थोरल्यांनी चोर म्हटलं आणि विषय मिटला, म्हणजे पेटला.

निरोप इकडून तिकडे नेण्याची हमाली बहिणीकडे. साठी ओलांडली तरी ती बेबीच. एका रविवारी सकाळी तिनं धाकट्यांना शेगडीसकट थोरल्यांच्या खोलीत आणून उभं केलं.

"आज साल काढा. नाहीतर ही भंगारात घालते आणि तुम्हा दोघांनाही. वजन बरं भरेल."

"बेबी, याला सांग, बूट बाहेर काढ."

"बेबी, याला सांग, आधी फरशी झाडून घे."

"बेबी आज कुणालाही काहीही सांगणार नाही," बेबी म्हणाली आणि स्टुलावर बसली.

सनकाकांनी शेगडी उलटीसुलटी केली. "चावी पितळेची," ते भिंतीवरच्या घड्याळाला म्हणाले. "अठ्ठावन्नला पितळ बंद झालं. म्हणजे छप्पन्न."

"भांड्याला टेकू मात्र चार आहेत," धाकटे खिडकीला म्हणाले. "तिनाचे चार एकोणसाठला झाले. आम्हीही वाचतो थोडंफार. चावी बाबांनी जुन्या शेगडीची बसवली असणार."

"मग टेकूही बसवले असतील."

"हो, बाबा जमीन मोजायला कधी जात, देव जाणे."

सुटे भाग कुणीही बदलतो. बुडावरचा कारखान्याचा छाप बदलत नाही, आणि तो वडिलांनी दिलेल्या हिरव्या ऑइलपेंटखाली गाडलेला होता. सनकाकांनी थिनरचा बोळा लावला. छाप उथळ असतो, पत्र्यानं खरवडला की गेला. म्हणून आईस्क्रीमच्या लाकडी चमच्यानं एकेक थर काढत राहिले. तासभर लागला. धाकट्यांनी दोनदा जांभई दिली, मुद्दाम आवाज करून.

शेवटी सनकाकांनी भिंग लावलं. खाली ठेवलं. पुसलं. परत लावलं.

धाकट्यांनी ते हिसकावून घेतलं. एक अक्षर, मग सहा, मग तीन.

त्रेसष्ट. घरातले पाळणे मोजताना दोघंही अकरा वर्षं दोनवरच थांबले होते. त्रेसष्टचं मूल समोर स्टुलावर बसून त्यांच्याकडे बघत होतं.

धाकटे भावाच्या कानाशी वाकले. "दादा, बूड नंतर बदललंय, असं म्हण की."

अकरा वर्षांनी ऐकलेलं पहिलं 'दादा' ते हे. सनकाकांनी बूड जोडणाऱ्या रिव्हेटांवरून बोट फिरवलं. एक शब्द पुरला असता. त्यांचं साल तपासणारा दुसरा कुणी या शहरात नव्हता.

"रिव्हेट कारखान्याचेच आहेत," ते मोठ्यानं म्हणाले. "त्रेसष्ट. साल मी खोटं सांगत नाही. माझ्यासाठी सांगितलं नाही, तुझ्यासाठी सांगेन?"

"म्हणजे कुणाची?" बेबीनं विचारलं.

धाकट्यांनी हनुवटीनं तिच्याकडेच दाखवलं.

"तोंडानं सांगा. इतकी वर्षं तुमची तोंडं मीच वाहिलीत."

"तुझी," सनकाका म्हणाले. बेबीनं शेगडी उचलली, तसे ते ओरडले, "ठेव ती. आतलं रबर वाळलंय, जेट तुंबलाय. अशी पेटवलीस तर भुवया जातील. आठ दिवसांनी ये."

"तुझ्याकडे ठेवू? एका भावाकडे राहिली तेवढी पुरे." तिनं शेगडी हिरव्या डागांसकट पिशवीत टाकली. "पेटवणार नाही. दिवाणखान्यात ठेवणार. तुम्हाला बघायला मिळेल, मी घरी बोलावलं तर."

ती गेली. धाकटे दारापर्यंत गेले आणि वळले.

"बुडाचा रंग मी कधीच काढू शकलो असतो," ते म्हणाले. "छप्पन्न निघेल म्हणून काढला नाही."

"मलाही आतून एकोणसाठच निघेल असं वाटायचं," सनकाकांनी थिनरचं बूच घट्ट बसवलं. "आता जा. दार ओढून घे, वास बाहेर जातोय."