डोक्यावरची केरसुणी

"अगंबाई, ही तर डोक्यावर केरसुणी घेऊन आली!"

सीमावहिनी हे मराठीत बोलल्या. इझाबेलला मराठी येत नाही, म्हणून मोठ्याने बोलल्या. आयर्लंडमधल्या ॲडम्सटाउनच्या हॉलच्या स्वयंपाकघरात बायका ताटं भरत होत्या. सगळ्या हसल्या. मग वहिनी माझ्याकडे वळल्या.

"तुला माहीत असेल ना गं? तुमच्याकडचंच काम हे."

हसणं एकदम थांबलं. थांबलं म्हणूनच मला कळलं, की सगळ्यांना माहीत आहे.

"जोक केला गं. ग्रँड ना?" वहिनी म्हणाल्या. 'ठीक आहे'ला इथे ग्रँड म्हणतात.

मी पाण्याच्या बाटल्या उचलल्या आणि दाराकडे वळले.

मराठी मंडळाचा कार्यक्रम होता, 'देशोदेशींचे वेश'. इझाबेलला मीच आणलं होतं. नावन गावच्या हॉस्पिटलात आम्ही एकाच वॉर्डात नर्स आहोत. सगळे तिला फिलिपिनो म्हणतात. ती म्हणते, "हो, पण आधी इवातान." फिलिपिन्सच्या अगदी उत्तर टोकाला बतानेस नावाची लहान बेटं आहेत. तिथली ती. वादळं आधी त्यांच्यावर येतात. म्हणून घरं ठेंगणी, दगड-चुन्याच्या जाड भिंतींची. वर गवताचं छप्पर, आणि ते दोरांनी जखडलेलं. कुणाचं छप्पर शाकारायचं असलं की गाव जमतं. घरवाल्याने सगळ्यांना जेवू घालायचं. रताळ्याच्या शेतात बायका डोक्यावर वकूल घालतात. पानांच्या धाग्यांचं दाट आच्छादन, डोक्यापासून कमरेपर्यंत. ऊन, पाऊस, वारा, सगळ्याला तेच. लांबून मोकळ्या केसांसारखं दिसतं.

इझाबेलचं वकूल तिच्या आईने केलेलं. उशीच्या अभ्र्यात गुंडाळून तिने ते आयर्लंडला आणलं. तिच्या घरी पहिल्यांदा हात लावला तेव्हा माझ्या बोटांनी ओळखलं. शिंदी. झाड तेच नाही, पण त्याच जातीचं.

माझी आजी केरसुण्या बांधायची. शिंदीची पानं आणायची, वाळवायची, चिरायची. तिचे तळवे कायम चिरलेले. घेणारी बाई केरसुणीवर आधी पाणी शिंपडायची, मग उचलायची. दिवाळीत त्याच केरसुणीला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू लागायचं. आजी पायरीच्या खालीच.

हे मी आयर्लंडमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या मुलीलाही नाही. उन्हाळ्यात सीमावहिनींच्या आई पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी माझं आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला. मग विचारणं थांबलं. त्यानंतर मंडळाच्या जेवणात माझ्याकडे पाण्याच्या बाटल्या आणि पेपर प्लेट आल्या. आधी पुरणपोळ्या असायच्या.

स्वयंपाकघराच्या दारात इझाबेलने मला इंग्रजीत विचारलं, "काय म्हणाल्या?"

मी शब्द शोधत होते. तीच म्हणाली, "राहू दे. हे हसणं मला माहीत आहे. आमच्याकडे पर्यटक वकूल भाड्याने घेतात, फोटो काढतात आणि असंच हसतात. आई समोर उभी असते." मग थांबली. "पण हसून झाल्यावर सगळ्यांनी तुझ्याकडे का बघितलं?"

तेवढ्यात माइकवरून आमची नावं पुकारली.

तिची ओळख मी करून द्यायची होती. बेटं, हवामान, पोशाख, असं सगळं पाठ केलं होतं. ते बोलले नाही. बोलले ते एवढंच:

"इझाबेलच्या डोक्यावर आहे ते वकूल. शिंदीच्या जातीच्या पानांचं. तिच्या आईने केलेलं. आत त्याला केरसुणी म्हणून हसणं झालं. केरसुणी मला माहीत आहे. माझी आजी बांधायची. मी मातंग आहे. कुणाला अजून हसायचं असेल तर आत्ता हसा. मी समोर उभी आहे."

मग तेच इंग्रजीत सांगितलं. इझाबेलला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

मागे कुणीतरी टाळी वाजवली. साथ मिळाली नाही, तेव्हा तीही थांबली. सीमावहिनींचे मिस्टर घाईने पुढे आले. माइक घेताना हळूच म्हणाले, "विषय कशाला वाढवायचा?" मग मोठ्याने, "चला, पुढचा वेश, केरळ!"

इझाबेल खाली उतरली ती पहिल्याच रांगेत जाऊन बसली. डोक्यावर वकूल तसंच. मागच्यांना केरळ दिसला नाही. काढा म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

गाडीत मुलगी म्हणाली, "आई, व्हॉट्स मातंग?"

घर येईपर्यंत मी सांगत होते. पाण्याचं शिंपडणं सांगितलं, पायरी सांगितली. तिने हेडफोन लावला नाही.

दिवाळीच्या आधी मंडळाच्या ग्रुपवर सीमावहिनींचा मेसेज आला. "लक्ष्मीपूजनाला खरी केरसुणी हवी आहे. इंडियातून कोणी येतंय का?" खाली हात जोडल्याचं चित्र.

माझ्या घरात एक आहे. आजीने बांधलेली शेवटची. इथे आल्यापासून ती जिन्याखालच्या प्रेसमध्ये होती. इथे कपाटाला प्रेसच म्हणतात. हूवरच्या, म्हणजे व्हॅक्युम क्लीनरच्या मागे, पिशवीत गुंडाळून, कुणाला दिसू नये अशी. ती बाहेर काढली. पुढचं दार उघडलं की समोर येते त्या भिंतीवर खिळा ठोकला आणि टांगली.

मग ग्रुपवर लिहिलं.

"माझ्याकडे आहे. आजीने बांधलेली. ती कुणाच्या पूजेला जाणार नाही. तिला हात लावायचा असेल त्याने माझ्या घरी यायचं, आधी माझ्या घरचं पाणी प्यायचं."

निळ्या खुणा उमटत गेल्या. उत्तर कुणाचंच आलं नाही.

मी मेसेज मागे घेतलेला नाही. ग्रुपही सोडलेला नाही. त्यांना मला काढायचं असेल तर काढावं, आणि कशासाठी काढलं ते त्याच ग्रुपवर लिहावं.