खोडाला पांढरा रंग

मेसाला राहतो म्हटलं की समोरचा विचारतो, "म्हणजे नेमकं कुठे?" एवढं अवाढव्य पसरलेलं शहर, पण सांगताना "फिनिक्सच्या शेजारी" असंच सांगावं लागतं. फार पूर्वीच्या लोकांनी या वाळवंटात हातांनी कालवे खणले आणि ते निघून गेले. नंतर आलेल्यांनी तेच कालवे उपसून संत्र्यांच्या बागा लावल्या. मग बागा तोडून घरं बांधली. आमचं घर त्यातलंच. बिल्डरनं परसात एक झाड ठेवलं होतं आणि त्या एका झाडापायी ह्यांनी हे घर घेतलं.

हे वरुडकडचे, संत्र्याच्या बागेत वाढलेले. इथे उन्हानं साल भाजू नये म्हणून खोडाला पांढरा रंग देतात. तो बघून ह्यांना गावाकडची आठवण झाली. पहिल्या वर्षी तिकडच्या पद्धतीनं माझ्या चांगल्या पातेल्यात चुना आणि मोरचूद कालवून खोडाला फासलं. सगळ्या गल्लीत निळं खोड फक्त आमचं! पातेलं गेलं ते गेलंच. पुढे दुकानातून पांढरा रंग आणू लागले, पण उन्हाळ्याआधीचं रंगकाम कधी चुकलं नाही.

मला मात्र या गावाचा कंटाळा आलाय, स्पष्टच सांगते. गॅरेजमधून गाडी काढायची, परत गॅरेजमध्ये घालायची. भिंतीपलीकडे कोण राहतं, ते आजही धड माहीत नाही. उन्हाळ्यात दाराच्या कडीला हात लावायची सोय नाही. ह्यांचे गुडघे गेले, माझी पाठ गेली. लेक कधीची तिच्याकडे अर्विंगला राहायला बोलावतेय. शेवटी मीच मागे लागून घर विकायला काढलं. हे हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

घर घेणारं जोडपं आपल्याकडचंच, पुण्याचं. ती मुलगी परसात उभी राहून म्हणाली, "काकू, इथे आम्ही स्विमिंग पूल करणार आहोत. हे झाड रिमूव्ह करावं लागेल." हे शेजारीच उभे होते. रात्री लेकीचा फोन आला तेव्हा ह्यांनी तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "बाबा, प्लीज, इट्स जस्ट अ ट्री."

ह्यांनी फोन माझ्याकडे दिला.

सामान बांधून झालं. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी बघते तर हे परसात स्टूल टाकून खोडाला रंग देतायत! माझं डोकंच फिरलं.

"अहो, ते तोडणार आहेत. कुणासाठी चाललंय हे?"

"तोडेपर्यंत ऊन लागंनच ना त्याला," हे म्हणाले.

मला एकदम रडू आलं. जायचं ठरवलं ते चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण खाली ह्यांचा हात पोचत नव्हता. मी दुसरा ब्रश घेतला आणि पाठ धरून मातीत बसले. बुंध्याशी राहिलेला भाग मी रंगवला.