चिमटाबाई आणि डावीकडे चालणारी

चिमटाबाईंच्या उजव्या हाताला सहावं बोट आहे, असं त्यांची लेक म्हणते. ते पोलादी आहे, टोकाला निमुळतं आहे, आणि जेवायला बसताना ते बाजूला ठेवायची आठवण आईला रोज करून द्यावी लागते. चिमट्याशिवाय त्यांना कुणी पाहिलेलंच नाही. हाक मारणारेही आता त्याच नावाने मारतात आणि त्या 'ओ' देतात.

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. पुढे काचेचं काउंटर, मागे भिंगाचा दिवा, भिंतीवर तपासणीसाठी लावलेला जुना टीव्ही आणि दोन खुर्च्या. त्यातल्या एकीवर कायम खोकी. इथे त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. लोकांनी मनगटाकडे बघणं सोडलं तशी घड्याळं गेली, मग चिमटाबाईंनी फोन उघडायला घेतले. गेली काही वर्षं मात्र त्यांच्याकडे बहुतेक पाट्याच येतात.

पाटी हा त्यांचाच शब्द. गेम खेळायचं ते यंत्र शाळेतल्या पाटीसारखं दिसतं. मधे पडदा आणि दोन्ही बाजूंना बटणांच्या दोन मुठी. टीव्हीशेजारच्या स्टँडमध्ये उभं केलं की खेळ टीव्हीवर. उचलून घेतलं की तोच खेळ, जिथे होता तिथूनच, हातात. बाजूच्या मुठी सुट्ट्याही होतात. एक तुम्हाला, एक शेजारच्याला.

लोकांना या वस्तूचं एवढं वेड का, यावर मायलेकींचं कधी जमलेलं नाही.

"टीव्ही काखेत मारून नेता येतो म्हणून," काउंटर सांभाळणारी लेक म्हणते. "दवाखान्यातली ती नर्स बघ. घरी सोफ्यावर बसून अर्धं शहर बांधते, उरलेलं ड्यूटीवर चहाच्या सुट्टीत. मधे तिचं काही तुटत नाही."

"तेवढ्यासाठी फोन आहे की. हिच्यावर लोक जीव टाकतात ते हिचे तुकडे होतात म्हणून. शेजारी कुणी येऊन टेकलं की काही न बोलता एक मूठ त्याच्या हातात द्यायची. भांडण झालेलं असलं तरी."

"आणि घटस्फोट झालेला असला तर?"

यावर दोघी हसतात, कारण तसं एक जोडपं खरंच होऊन गेलं. दोघांनी एकेक मूठ वाटून घेतली आणि मग वेगवेगळ्या दिवशी येऊन दोघांनीही विचारलं, "दुसरी बाजू सुटी मिळेल का हो?"

वडिलांची एक सवय मात्र चिमटाबाईंनी जशीच्या तशी उचलली. घड्याळ बंद पडलं म्हणून आलं तरी वडील काच घासून द्यायचे, पट्ट्याची सैल पिन बदलायचे. न विचारता, न सांगता. गिऱ्हाईक घरी जाऊन बघतं आणि हरखतं. चिमटाबाईंच्या हातूनही आजवर एकही पाटी नुसतं सांगितलेलं काम होऊन परत गेली नव्हती.

पोहण्याचे मास्तर आले ते एका दुपारी. तलावावर तीस वर्षं पोरांना पाण्यात ढकललेला माणूस. छाती अजून रुंद, पण गुडघे पार गेलेले. दारातल्या एका पायरीसाठी त्यांनी चौकट धरली. पाटी टॉवेलात गुंडाळून आणली होती.

"टीव्हीवर चित्र येत नाही. तेवढंच बघा."

"बघते की. बसा, मास्तर."

"नको, बसलो की उठायला दोन माणसं लागतात. तेवढंच बघा, बाई."

दोनदा 'तेवढंच' म्हणाले होते. ते लक्षात यायला चिमटाबाईंना चार दिवस लागले.

खालच्या खाचेतली पिन वाकली होती; ती त्यांनी सरळ केली. चित्र आलं. एक छोटंसं गाव, नदी, तिच्यावर लाकडी पूल, आणि दोन ठेंगणी माणसं: एक निळ्या सदऱ्यातला, एक पिवळ्या टोपीतली. पाटी स्टँडमध्ये, मुठी टेबलावर, आणि पिवळी टोपी आपली आपण डावीकडे चालायला लागलेली.

"स्टिक सरकतेय," चिमटाबाई म्हणाल्या. अंगठ्याने फिरवायच्या त्या बुटक्या दांडीखाली एक काळा पट्टा असतो. अंगठा ज्या बाजूला जास्त रेटतो तिथे तो घासला जातो, आणि मग कुणी हात लावला नाही तरी पडद्यावरचं माणूस त्या बाजूला निघतं. रोज दोन-तीन तरी अशा येतात. चिमटाबाईंनी जुनी स्टिक काढली, नवी बसवली, जुनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकली. टोपीवाली शहाण्यासारखी उभी राहिली. पावतीवर त्यांनी लिहिलं, 'स्टिकही बदलली. आमच्याकडून.'

तिसऱ्या दिवशी मास्तर पाटी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच टॉवेलातली पाटी घेऊन पुन्हा दारात उभे.

"बाई, ती उभीच आहे."

"कोण?"

"आमची ही."

लेक काउंटरमागे हसायला गेली आणि तिचं हसू तिथेच राहिलं. मास्तरांचे डोळे सुजले होते.

चिमटाबाईंनी खुर्चीवरची खोकी खाली ठेवली. या वेळी ते बसले.

"जाऊन आठ महिने झाले तिला," मास्तर म्हणाले. "तलावाच्या खिडकीत तिकिटं फाडायची. चालायची कशी माहितीये? दहा पावलं पुढे. लग्न झाल्यापासून रस्त्याने कधी शेजारी चालली नाही. कोपऱ्यावर जाऊन थांबणार, कंबरेवर हात. मी पोचलो की लगेच पुढे. माझे गुडघे गेले तेव्हा मुलीने ही पाटी आणून दिली. मग आम्ही यात फिरायला लागलो. रोज दुपारी. यातही तेच! मी झाडांना पाणी घालतोय, ही पुलावर."

"आणि त्यानंतर..."

"त्यानंतर पंधरा दिवसांनी लावलं. गेम दोघांना मागतो ना, म्हणून तिची मूठ उशीवर ठेवली. आणि ती निघाली. पुलापाशी थांबली. परत निघाली. मी टीव्ही बंद केला, बाई. पोहायला शिकवणारा माणूस मी, पण घरातच दम कोंडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला." त्यांनी टॉवेलाची घडी केली, मोडली. "मला कळतं हो, ते बिघडलेलं होतं. मी काही खुळावलो नाही. पण बिघडलं ते तिच्याच अंगठ्याने ना?"

ते खरं होतं. चिमटाबाईंनी आजवर तो पट्टा शेकडो वेळा बदलला होता आणि तो कुणीतरी घासलेला असतो हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मी शोधून देते."

"आई," लेक हळूच म्हणाली, "डब्यात किती आहेत बघितलंस का?"

डबा टेबलावर उपडा केला तर एकतीस निघाल्या. सगळ्या सारख्या, काळ्या, बोटाच्या पेराएवढ्या. मास्तरांची कुठली, हे ना त्यांच्या रंगावरून कळत होतं ना वजनावरून.

चिमटाबाईंनी मुठीचं झाकण उघडं ठेवलं आणि चिमट्याने एकेकीची जोडणीची पट्टी आत खोवायला घेतली. वर टीव्हीवर तेच गाव, तीच पिवळी टोपी.

पहिली स्टिक लावली आणि टोपीवाली तीरासारखी नदीकडे सुटली.

"ही नाही," मास्तर म्हणाले. "एवढी घाई तिने हयातीत केली नाही."

दुसरीने ती जागच्या जागी थरथरायला लागली, थंडी वाजल्यासारखी. लेकीने तोंड फिरवलं. तिसरी डावीकडे निघाली. मास्तर पुढे झुकले, बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "नको. पुढची." चौथी हळूहळू पडद्याच्या खालच्या काठापर्यंत येऊन थांबली, जणू टीव्हीतून बाहेर पाय टाकायचा आहे. पाचवी गोल गोल. कुणाच्या तरी पोराचा अंगठा, कुणा नर्सचा, त्या घटस्फोटवाल्यांपैकी एकाचा. सगळे एका डब्यात पडून होते आणि एका टोपीवालीच्या अंगात येऊन चालून दाखवत होते.

दहावी झाल्यावर लेकीने शटर अर्धं खाली ओढलं. का ओढलंस विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

"काका, चहा?"

"थांब गं, ही जरा..." बारावी. "नाही."

एकोणिसावी लावली. टोपीवाली क्षणभर नुसती उभी. मग डावीकडे चार पावलं. थांबली. पुन्हा निघाली, पुलापाशी गेली, आणि थांबली.

मास्तरांनी खुर्चीचा हात धरला आणि कुणाचीही मदत न घेता उठले.

"हीच. बसवा."

"अजून बारा आहेत, मास्तर. सगळ्या बघून घ्या एकदा."

"कशाला? सापडलं माणूस की शोधणं थांबवतात, बाई."

चिमटाबाईंनी झाकण लावलं. पाटी टॉवेलात गेली. मास्तर पायरी उतरताना चौकट धरायलाही विसरले.

लेकीने शटर वर केलं. चिमटाबाई डब्यात उरलेल्या बारांकडे बघत होत्या.

"आई, नको."

"अर्धवट काम आहे ते."

"मी सांगते, नको."

तपासणीसाठी दुकानाची स्वतःची एक पाटी होती, तिच्यावर तसलंच एक गाव. चिमटाबाईंनी एकेक लावून बघितली. विसावी, एकविसावी. चोविसावीला ठेंगणी बाई उलटी उजवीकडे पळाली. सव्विसावीला ती क्षणभर उभी राहिली. मग डावीकडे चार पावलं. थांबली. पुन्हा निघाली.

चिमटाबाईंनी चिमटा खाली ठेवला.

"मग काका घेऊन गेले ती कोण?" लेकीने विचारलं.

तीन दिवस चिमटाबाईंचं कामात लक्ष लागलं नाही. ती सव्विसावी स्टिक त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली होती. एका परक्या माणसाला बायको म्हणून भलतंच कुणीतरी गळ्यात बांधून दिलं, असं काहीसं त्यांना वाटत होतं, आणि हे कुणापाशी बोलायची सोय नव्हती. एकदा वाटे, सांगितलं तर त्यांचं आहे ते सुख जाईल. एकदा वाटे, खरी माझ्या पर्समध्ये आणि तिथे म्हातारा भलत्याच कुणाच्या मागे फिरतोय. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी लेकीला नुसतं "आलेच" म्हटलं आणि पावतीवरचा पत्ता काढून निघाल्या.

दुसरा मजला. दार उघडंच होतं. आतून मास्तरांचा आवाज येत होता, "अगं, थांब की जरा. पाणी तर घालू दे."

चिमटाबाईंनी कडी वाजवली.

"या या! तिथे नको, ते तिचं. इकडे बसा."

सोफ्याच्या एका टोकाला मास्तर, दुसऱ्या टोकाला उशी. उशीवर ती मूठ, एकटी. चिमटाबाई मधल्या स्टुलावर बसल्या, पर्स मांडीवर घट्ट.

"मास्तर, एक विचारायचं होतं. त्या दिवशी... हीच, ते नक्की कशावरून?"

मास्तर पडद्याकडेच बघत होते. "खरं सांगू? तिसरीलाच मला वाटलं होतं, हीच. मग नववीलाही वाटलं. म्हटलं, अशा किती बायका घरी न्यायच्या? मग ती एकोणिसावी आली आणि तुमच्या दुकानाला कंटाळल्यासारखी उभी राहिली. आमची ही कुठल्याही दुकानात अशीच उभी राहायची."

चिमटाबाईंना हसू आलं. पर्सची चेन त्यांनी अर्धी उघडली होती, तेवढ्यात त्यांची नजर टीव्हीवर गेली.

पिवळी टोपी डावीकडे जात नव्हती. पूल मागे टाकून ती उजवीकडच्या बागेत निघाली होती. चार पावलं, थांबायची, पुन्हा चार पावलं.

"मास्तर, हिची दिशा बदललीय."

"कालपासून. पुलाचा कंटाळा आला असेल."

"पट्टा आणखी घासला की असं होतं," चिमटाबाई घाईघाईने म्हणाल्या. "ही मूठ कुणी वापरली का? नात वगैरे? तुम्ही?"

"कोण येतंय? आणि मी कशाला हात लावू? तिची आहे."

हात न लावता पट्टा घासत नाही, हे चिमटाबाईंना पक्कं ठाऊक होतं. मग धूळ असेल, गरम झाली असेल, आतलं काहीतरी सैल असेल. त्यांनी मनातल्या मनात मूठ उघडली, एकेक भाग काढून बघितला, आणि कुठेच काही सापडलं नाही. उशीला मधोमध खळगा पडला होता. मुठीच्या वजनाने एवढा पडेल?

"माझे डोळे शिणलेत," मास्तर म्हणाले, आणि आपली मूठ त्यांनी चिमटाबाईंच्या हातात दिली, काही न विचारता. "घ्या. जरा जा तिच्याबरोबर. नाहीतर एकटीच लांब जाते."

चिमटाबाईंनी पर्सची चेन लावून टाकली. इतकी वर्षं या मुठी त्यांनी उघडल्या, पुसल्या, जोडल्या. खेळायला म्हणून हातात धरली ती आज पहिल्यांदा. त्यांनी अंगठा पुढे रेटला आणि निळा सदरा बागेकडे धावत निघाला. बघता बघता तो टोपीवालीच्या अगदी पाठीशी आला. आणखी जरासा रेटला असता तर तिच्या पुढे जाऊन, वळून, टोपीखाली बघता आलं असतं.

चिमटाबाईंनी अंगठा सैल केला. टोपीवाली निघाली. तिला दहा पावलं जाऊ देऊन त्या हलकेच तिच्या मागून चालू लागल्या.